दिवसाएवढे चित्र

रोज एक चित्र काढायचे असे ठरवणारा माणूस बहुधा आधी वेळ ठरवतो: पहाटेचा अर्धा तास, दुपारची निवांत वेळ किंवा रात्री सगळी कामे आटोपल्यानंतरचा तास. माझ्या मते आधी ठरवायला हवा तो आकार. वेळ कितीही काटेकोरपणे राखून ठेवली तरी ती आपल्या एकट्याच्या मालकीची नसते. घरातले आजारपण, कामाचा ताण, न सांगता आलेला पाहुणा यांपैकी कोणीही तिच्यावर हक्क सांगू शकतो. कागदाचा आकार मात्र संपूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि रोजच्या चित्राची सवय टिकते की मोडते हे पुष्कळदा त्यावरच ठरते. ए-६ आकाराचा कागद १०५ बाय १४८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढा. बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण त्याचा खरा अर्थ रंगवायला बसल्यावर कळतो. १५ सेंटिमीटर बाजूच्या चौरस बोर्डाच्या तुलनेत ६० सेंटिमीटर बाजूच्या चौरस कॅनव्हासवर १६ पट पृष्ठभाग रंगाने भरावा लागतो, आणि तेवढे भरण्यातच दिवसाचा उजेड निघून जातो. लहान आकारात तीच वेळ पाहण्यासाठी, विचार करण्यासाठी आणि रंग जुळवण्यासाठी उरते.

लहान चित्र म्हणजे सोपे चित्र, असा समज मात्र इथे उपयोगी पडत नाही. कागद लहान केला म्हणून ब्रशही लहान घ्यावा, असे सुरुवातीला प्रत्येकालाच वाटते, आणि तसे केले की हाती लागते ती मोठ्या चित्राची आक्रसलेली प्रतिकृती: पानाची प्रत्येक शीर, भांड्याच्या काठावरची प्रत्येक चकाकी, सगळे आहे आणि तरीही चित्र निर्जीव. एखाद्या सेंटिमीटर रुंदीचा चपटा ब्रश हातात धरला की परिस्थिती एकदम बदलते. त्या ब्रशाच्या एका फटकाऱ्यात बोर्डाचा मोठा भाग व्यापला जातो, त्यामुळे तपशिलाला जागाच उरत नाही. उरतो तो उजेड आणि अंधार, आणि त्यांच्या मधल्या तीन किंवा चार छटा. डोळे किलकिले करून पाहण्याची चित्रकारांची जुनी सवय याच कामासाठी आहे. पापण्या मिटत आणल्या की बारकावे विरघळतात आणि समोरच्या दृश्याचे मोठे आकार, म्हणजे कुठला भाग गडद आणि कुठला फिका, तेवढेच शिल्लक राहते. रोजच्या लहान चित्रात जे काढायचे असते ते हेच, आणि ते काढता आले तर तपशील नसल्याची खंत पाहणाऱ्याला वाटत नाही.

थोड्या वेळात आणि लहान आकारात काम करण्याची ही पद्धत आजची नाही. पिएर-आँरी द व्हॅलाँसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तरुण चित्रकारांना सल्ला दिला होता की निसर्गासमोर बसून केलेला अभ्यास फार तर दोन तासांत संपवावा, आणि तो सूर्योदयाचा किंवा सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ त्याला देऊ नये. यामागचे कारण अगदी रोकडे आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दोन तासांत सावल्यांची दिशा, लांबी आणि रंग सगळेच बदललेले असते. त्यानंतरही रंगवत राहणारा माणूस एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या वेळा भरत असतो. वेळेची मर्यादा ही शिस्तीची बाब म्हणून सांगितली जाते तेव्हा ती जाचक वाटते. ती प्रकाशाची बाब आहे हे कळले की तिच्याशी भांडण उरत नाही.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. १८२१ साली त्याने रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ‘द हे वेन’ हे सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटरचे भव्य चित्र मांडले, आणि त्याच वर्षी व पुढच्या वर्षी लंडनच्या उत्तरेकडील हॅम्पस्टेडच्या टेकाडावर जाऊन तो कागदाच्या लहान तुकड्यांवर तैलरंगात केवळ आकाश रंगवत होता. अनेक चित्रांत झाड नाही, घर नाही, क्षितिजही नाही. आहेत ते फक्त ढग. यांतल्या कित्येक कागदांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवामानाची नोंद केलेली आहे. प्रदर्शनासाठी मोठे चित्र करणारा आणि टेकाडावर ढगांमागे लागलेला हा माणूस एकच होता, हे लक्षात घेतले पाहिजे. लहान चित्रे ही मोठे चित्र न जमणाऱ्याची सोय नव्हती, आणि ती काढताना आपण काही कमी प्रतीचे करत आहोत असे त्याला वाटत असल्याची खूण त्या ढगांत कुठेही सापडत नाही.

चित्राच्या पाठीवर नोंद करण्याची सवय मी त्याच्याकडूनच घेतली आहे. तारीख, वेळ, खिडकीतून येणाऱ्या उजेडाची बाजू, आभाळ मोकळे की भरलेले, आणि वापरलेले रंग एवढेच मी लिहिते. चित्र आवडले की नाही हे लिहित नाही, कारण चित्र पूर्ण झाल्याच्या क्षणी ते आपल्याला नीट दिसत नसते. या नोंदींचा उपयोग पुढे केव्हातरी होतो. सारख्याच वस्तूची दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर एकात सावली निळसर आणि दुसऱ्यात तपकिरी का आली, याचे उत्तर स्मरणातून मिळत नाही. पाठीवरच्या ओळीतून ते मिळते: पहिल्या दिवशी आभाळ मोकळे होते आणि सावलीत आकाशाचा निळा उजेड शिरत होता, दुसऱ्या दिवशी दिवा लावलेला होता.

आता रोजच्या चित्रकाराला सर्वांत जास्त थकवणाऱ्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न कसे काढू हा नसून आज काय काढू हा आहे. विषय शोधण्यात तासभर फिरून शेवटी कंटाळून ब्रश खाली ठेवणे, हा अनुभव या वाटेवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. माझे ठाम मत असे झाले आहे की विषय रोज नवा शोधूच नये. एखादी पांढरी कपबशी, काचेची बाटली, लिंबू, किल्ल्यांचा जुडगा, दुमडलेले फडके, असे घरात हाताशी असलेले काहीही घ्यावे आणि ते पुष्कळ दिवस सोडू नये.

पीटर ड्रेहर या जर्मन चित्रकाराने हे टोकाला नेऊन दाखवले. १९७४ साली त्याने पाण्याचा एक साधा रिकामा ग्लास टेबलावर ठेवून त्याचे चित्र काढले आणि पुढे कित्येक दशके तो तोच ग्लास, त्याच मापाच्या, म्हणजे सुमारे २५ बाय २० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर, ग्लास खराखुरा जेवढा असतो तेवढाच दाखवून, पुन्हा पुन्हा काढत राहिला. या मालिकेत ५,००० हून अधिक चित्रे आहेत. काही दिवसा केलेली आहेत आणि त्यांतल्या काचेवर खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंब दिसते, काही रात्री केलेली आहेत आणि त्यांत दिव्याची चकाकी आहे. एकच चित्र पाहिले तर तो एक ग्लास असतो. अनेक चित्रे भिंतीवर ओळीने लावलेली पाहिली की लक्ष ग्लासावरून हटते आणि दोन शेजारच्या चित्रांतल्या अगदी सूक्ष्म फरकांवर जाते. विषय स्थिर ठेवल्यामुळे बदल दिसू लागतो, असा हा सरळ व्यवहार आहे. इटलीतील बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदी या चित्रकारानेही आयुष्यभर मोजक्याच बाटल्या, सुरया आणि डबे मागेपुढे सरकवत चित्रे काढली, आणि त्याच्या चित्रांत दोन बाटल्यांमधली फट ही बाटल्यांइतकीच महत्त्वाची होऊन बसते. मोरांदी मला ड्रेहरपेक्षा जवळचा वाटतो हे कबूल करायला हरकत नाही. ड्रेहरने मांडणी गोठवली, तर मोरांदीने ती बोटभर हलवली, आणि त्या बोटभर हलण्यात चित्रकाराच्या निवडीला जागा राहते.

पांढरी कपबशी हा माझा दीर्घकाळचा विषय आहे आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. पांढरी वस्तू रंगवायला घेतली की पहिले लक्षात येते ते असे की कपावर शुद्ध पांढरा रंग लावण्याजोगी जागा अगदी नखाएवढी आहे. उजेडाकडची बाजू किंचित पिवळसर, खिडकीपासून दूरची बाजू निळसर राखाडी, आणि तळाजवळ टेबलाचा रंग परावर्तित होऊन आलेली एक उबदार पट्टी. आपल्याला कप पांढरा आहे हे माहीत असल्यामुळे मेंदू हे सगळे रंग दुरुस्त करून आपल्यापुढे पांढराच कप ठेवतो. चित्रकाराला ती दुरुस्ती होण्यापूर्वीचे काहीतरी पकडायचे असते. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. मिशेल-युजेन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली सविस्तर मांडले की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात: जो राखाडी जांभळ्या कापडाशेजारी पिवळसर भासतो, तोच पिवळ्याशेजारी जांभळट वाटू लागतो. शेव्हरल गोबलँच्या गालिचांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा संचालक होता आणि काही धाग्यांचे रंग नीट उठत नाहीत या तक्रारीचा शोध घेताना त्याला हे सापडले; दोष रंगाचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. पॅलेटवर अचूक मिसळलेला रंग कागदावर चुकीचा का दिसतो, याचे उत्तर रोज कपबशी रंगवणाऱ्यालाही तिथेच मिळते. वाचून हे समजते, पण हाताला पटायला बरेच दिवस जातात, आणि ते पटण्यासाठीच रोजचे चित्र लागते.

साहित्याबद्दल फार लिहायला नको, कारण त्यावर बोलणे हा चित्र न काढण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. तरी दोन गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे रंग थोडे असावेत. अल्ट्रामरीन ब्लू हा निळा आणि बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून उबदार आणि थंड असे असंख्य राखाडी मिळतात. त्यांत एक पिवळा, एक लाल आणि पांढरा मिळवला की लहान चित्राची गरज भागते. मोजक्या रंगांमुळे चित्रातले सगळे भाग आपोआप एका कुळातले दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या माध्यमाचा वाळण्याचा स्वभाव ओळखावा. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त गडद लावावा लागतो. ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, उलटसुलट घडते: फिक्या छटा वाळताना गडद होतात आणि गडद छटा फिक्या होतात. तैलरंगातले तेल उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याला दिवस लागतात, आणि म्हणून एका बैठकीत ओल्यावर ओले रंगवून मोकळे होणे हेच तिथे शहाणपणाचे. मात्र साहित्य मांडलेले असावे, याबाबत मी आग्रही आहे. कपाटातून बाहेर काढावे लागणारे रंग आणि टेबलावर झाकून ठेवलेले रंग यांच्यात जे अंतर असते, ते थकलेल्या दिवशी ओलांडता येत नाही.

सवयीविषयी एक समजूत सर्वत्र ऐकू येते की कोणतीही गोष्ट २१ दिवस केली की ती अंगवळणी पडते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून पसरला. रुग्णांना आपल्या बदललेल्या रूपाची ओळख पटायला किमान इतके दिवस लागतात, असे त्याने लिहिले होते. त्याचा रोजच्या सरावाशी थेट संबंध नव्हता. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा वर्तन आपोआप घडू लागण्यासाठी लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस आला, आणि वेगवेगळ्या माणसांसाठी तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. त्यातली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. अखंड साखळीचा हट्ट धरणारे लोक पहिला खाडा पडताच सगळेच सोडून देतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. चित्र न झालेल्या दिवसाचा दंड म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढणे हेही मला पटत नाही. गेलेल्या दिवसाचा उजेड गेला. त्याचे चित्र आता काढता येणार नाही, आणि त्याच्या नावाने काढलेले दुसरे चित्र आजच्या उजेडाचेच असेल.

दिवस ही खरी चौकट मानणाऱ्यांत ऑन कावारा हा जपानी चित्रकार सर्वांत कठोर होता. ४ जानेवारी १९६६ रोजी त्याने एक मालिका सुरू केली, जिच्यातल्या प्रत्येक चित्रात एकरंगी पार्श्वभूमीवर त्या दिवसाची तारीख हाताने रंगवलेली असते. नियम असा की चित्र मध्यरात्रीपर्यंत पूर्ण झाले नाही तर ते नष्ट करायचे. तो रोज चित्र काढत होता असे नाही, काही दिवशी एकाहून अधिक चित्रे होत आणि कित्येक दिवस एकही होत नसे. पण जे चित्र झाले ते त्या दिवसातच झाले. या नियमाचा मी बराच विचार केला आहे. नष्ट करण्याचा भाग माझ्या स्वभावाला मानवत नाही, परंतु त्यामागचा आग्रह मला मनापासून पटतो. चित्र काढण्याचा सराव आपण सगळेच करतो, पूर्ण करण्याचा सराव मात्र फार थोडे करतात. वर्षात दोन मोठी चित्रे करणाऱ्याला चित्र कुठे थांबवायचे हा निर्णय वर्षातून दोनदा घ्यावा लागतो, तर रोज लहान चित्र करणाऱ्याला तो रोज घ्यावा लागतो. थांबण्याचा क्षण ओळखणे हे रंग मिसळण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, आणि कोणतेही कौशल्य वर्षातून दोनदा वापरून येत नाही. रोजच्या लहान चित्रांनी मला काय दिले असे विचारले तर मी हाताच्या सफाईचे नाव घेणार नाही. मी या निर्णयाचे नाव घेईन. आणखी एक फटकारा मारावासा वाटत असताना ब्रश पाण्यात बुडवून ठेवणे आता मला जमू लागले आहे.

होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराचे उदाहरण या सगळ्यांहून निराळे आहे. वयाच्या ऐंशीच्या पुढे, १८४२ च्या अखेरीपासून सुमारे वर्षभर, तो रोज सकाळी शाईने एक सिंह काढत असे. कधी झेपावणारा, कधी नाचणारा, कधी माणसासारखा वागणारा सिंह. संकटे दूर राहावीत म्हणून केलेला हा रोजचा प्रघात होता. त्यांपैकी २१९ चित्रे आज जपानमधील क्युशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि अनेकांवर तारीख आहे. इथे समोरची वस्तू पाहण्याचा प्रश्न नव्हता, सिंह मनातूनच येत होता. तरीही ज्याच्या हातून हजारो चित्रे होऊन गेली होती, त्यालाही दिवसाची सुरुवात एका लहान चित्राने करावीशी वाटत होती, ही गोष्ट मला फार धीर देते.

आपल्या काळात या प्रथेला नवे रूप मिळाले ते डिसेंबर २००४ पासून, जेव्हा ड्वेन कायझर या अमेरिकन चित्रकाराने रोज पोस्टकार्डाएवढे एक तैलचित्र पूर्ण करून ते इंटरनेटवर मांडायला आणि लिलावाने विकायला सुरुवात केली. त्याच्यामागून जगभरच्या कित्येक चित्रकारांनी तीच वाट धरली, आणि दालनांच्या दारात न जाताही चित्रे लोकांच्या घरी पोहोचू लागली. ही मोकळीक मोठी आहे. पण ज्याला विकायचे नाही, त्याने रोजचे चित्र रोज दाखवू नये असे माझे मत आहे. कोणते चित्र लोकांना आवडले हे संध्याकाळी कळले की दुसऱ्या दिवशीचा हात नकळत तिकडे वळतो. मी पूर्ण झालेली चित्रे पालथी घालून ठेवते आणि महिनाअखेर सगळी एकदम मांडून पाहते. तेव्हा दर वेळी एकच गोष्ट पुन्हा जाणवते: ज्या दिवशी मन उदास होते किंवा अंगात त्राण नव्हते, त्या दिवसाचे चित्र ओळखता येत नाही. उत्साहाने भरलेल्या दिवसांची चित्रे पुष्कळदा गर्दीची आणि बोलघेवडी असतात, आणि अनिच्छेने, केवळ नेम म्हणून केलेल्या चित्रांत कधी कधी असा नेमकेपणा असतो की तो मुद्दाम आणू म्हटले तर येणार नाही.

या सवयीचा धोकाही सांगायला हवा, कारण तो खराच आहे. रोजचे काम लवकर सराईत होते. गोल वस्तूवर चकाकीचा एक पांढरा ठिपका कुठे ठेवला की ती गोल दिसते, हे एकदा हाताला समजले की हात तो ठिपका वस्तूकडे न पाहताच ठेवू लागतो. शिवाय लहान चित्रे कितीही काढली तरी मोठ्या पृष्ठभागावरची रचना त्यातून आपसूक येत नाही. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात पॅरिसजवळच्या ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचे सुमारे दोन बाय तीन मीटरचे चित्र केले, तेव्हा बेटावर जाऊन तो सुमारे १६ बाय २५ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर लहान अभ्यासचित्रे करत होता. पण त्या फळ्यांपासून त्या कॅनव्हासपर्यंतचा प्रवास त्याला वेगळ्याने, दोन वर्षे खपून करावा लागला. सराईतपणावर माझा उपाय साधा आहे: हात फार सहज चालू लागला की त्याचा आवडता रंग काही दिवस बाजूला काढायचा. पांढरा काढून घेतला की जलरंगात तेवढा कागद कोरा राखून ठेवावा लागतो, चकाकीची जागा सुरुवातीलाच ठरवावी लागते, आणि मग पुन्हा पाहणे भाग पडते.

सध्या मी कपबशी रात्री, दिव्याच्या उजेडात रंगवायला घेतली आहे. दिवा जागचा हलत नाही, सावली तासन्‌तास तिथेच असते, त्यामुळे व्हॅलाँसिएनच्या दोन तासांना इथे आधार उरत नाही आणि थांबायचे कधी हे सावलीकडून कळत नाही. पहिल्या काही रात्रींची चित्रे दिवसाच्या चित्रांपेक्षा जास्त घासलेली, जास्त भरलेली झाली आहेत. आता मी कागद आणखी अर्धा करून पाहणार आहे.